घाटातील सराव आणि पहाटेचा उष्माघात : वाचकांचे प्रश्न

मार्चच्या मध्यापासून चढावरील सरावाविषयी जी पत्रे येत आहेत, त्यांपैकी बहुतेकांत एकच समजूत निरनिराळ्या शब्दांत आढळते : ऊन चढण्यापूर्वी धावले की उष्माघाताची भीती नाही. त्यामुळे खालील एका उत्तराला इतरांपेक्षा जास्त जागा द्यावी लागली आहे.

प्रश्न : चढाच्या फेऱ्या आठवड्यातून किती वेळा कराव्यात? (वय ३४, पुणे)

एकदा पुरे, नवख्यांनी एका मिनिटाच्या ४ ते ६ फेऱ्यांवर थांबावे.

प्रश्न : फेरी संपल्यावर उतारावरून पळत आले तर चालेल का?

चालत उतरावे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि त्याचा हिशेब दोन दिवसांनी घरचा जिना उतरताना चुकवावा लागतो. गुडघा आधीपासून दुखत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

प्रश्न : आमचा वीस जणांचा गट रविवारी पहाटे साडेपाचला यवतेश्वर घाटात सराव करतो. गेल्या रविवारी सातव्या फेरीनंतर एक जण अडखळू लागला आणि असंबद्ध बोलू लागला. त्याला भरपूर घाम येत होता, म्हणून हा उष्माघात नव्हे असे ठरवून आम्ही त्याला बसवून कांदा हुंगवला. पाऊण तासाने तो सावरला. आम्ही योग्य केले ना? (सातारा)

नाही. तो वाचला, याचे श्रेय कांद्याला देऊ नये. उन्हात बसून राहिलेल्या वृद्धाची त्वचा कोरडी पडते, हे वर्णन सर्वांनी पाठ केलेले असते. परंतु श्रमाने होणाऱ्या उष्माघातात रुग्ण बहुधा घामाने निथळत असतो. येथे उष्णता सूर्याकडून कमी आणि स्नायूंकडून जास्त येते. चढावर श्रम सर्वाधिक असतात, वेग मात्र कमी असल्याने अंगावरून वारा वाहत नाही, आणि हवा दमट असली की घाम वाळण्याऐवजी नुसता ठिबकतो. त्यात गट असला की मागे पडण्याची लाज वाटते, ती वेगळीच. काही वर्षांपूर्वी अशाच एका सरावात एक तरुण बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत होता, चार वेळा; सोबती हसत होते. तो भ्रम होता, आणि धावणारा भ्रमिष्टासारखा वागू लागला की दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच समजावा. काखेतील थर्मामीटरवर विसंबू नये, तो आतले तापमान कमी दाखवतो. १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये : कपडे सैल करून अंगभर थंड पाणी ओतावे, डोके, मान, काखा आणि जांघांवर बर्फाचे ओले टॉवेल ठेवून ते सतत बदलावेत, वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले, तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. आपल्या सदस्याने याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन यकृत, मूत्रपिंड आणि सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) यांची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि त्यांच्या परवानगीखेरीज धावू नये.

प्रश्न : आमचे प्रशिक्षक क्षाराच्या गोळ्या विकतात आणि दर फेरीला अर्धा लिटर पाणी प्यायला लावतात. (ठाणे)

विकणारा आणि सल्ला देणारा एकच असेल, तर सल्ला तपासून घ्यावा. तासाभराच्या सरावाला तहानेपुरते साधे पाणी बहुतेकांना पुरते. घामापेक्षा जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि त्यानेही माणूस बेशुद्ध पडतो. ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते क्षार-साखरेचे पाणी, हे लिटरला ७५ मिलिमोल सोडियमचे औषध आहे. नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये ते नाव वापरण्यास मनाई केली, यावरून काय ते समजावे. रक्तदाब असणाऱ्यांनी क्षाराच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रश्न : सरावापूर्वी वेदनाशामक गोळी घ्यावी का?

घेऊ नये, शरीरातले पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला बाधते.

प्रश्न : वय ४८. चढावर छातीवर दडपण येते, थांबलो की जाते. मित्र म्हणतात, ॲसिडिटी आहे.

श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे दडपण हे हृदयाचे समजावे, मित्रांचे मत काहीही असो. धावणे आजपासून बंद करून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. विश्रांतीतही दडपण आले, तर थेट रुग्णालय गाठावे. आपल्या पत्रावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख आहे. असा प्रश्न पत्राने विचारायचा नसतो.