गुजरातच्या किनाऱ्यावर कावी-कंबोईच्या चिखलात दिसणारी बारीक भोकं कसली? त्यांचा उपयोग काय?

बरीचशी भोकं बहुशूकी किड्यांची, म्हणजे गांडुळाच्या समुद्री भावकीची. काही मात्र खेकड्यांची असतात.

बडोद्याहून तिथल्या स्तंभेश्वर मंदिरात जाल तेव्हा ओहोटीत फावड्याने वीतभर खोल ढेकूळ कापून पाहा. वर पातळ तपकिरी थर, खाली सडक्या अंड्याच्या वासाचा काळा गाळ. पण बिळाभोवती त्या काळ्यातही गंजाच्या रंगाचं कडं दिसतं. किडा अंग लाटेसारखं हलवून बिळातून पाणी खेळवतो. त्यातला प्राणवायू गाळातल्या लोहाला गंजवतो, ते हे कडं. बिळाभोवती बरंच काम होतं: कुजणारा पाला संपतो, नत्र पुन्हा पाण्यात येतं, विषारी सल्फाइड घटतं. शिवाय तुतवार, चिखल्या हे पक्षी हिवाळ्यात इथे येतात ते बरंचसं या किड्यांसाठीच.

सांडपाणी जास्त साचलं की प्राणवायू संपतो, मोठे किडे मरतात आणि कॅपिटेलासारखे दोऱ्याएवढे किडेच माजतात. अशा जागी काळा गाळ थेट वरपर्यंत येतो.

ढेकूळ पाहून झालं की तसंच परत ठेवा. आणि भरतीची वेळ विचारूनच उतरा. खंभातच्या आखातात पाणी फार झपाट्याने चढतं आणि चिखलात पाय रुततात.