माइनक्राफ्ट की टेरारिया? एकच घ्यायचा असेल तर

तुमचं म्हणणं असं की पैसे एकाच गेमपुरते आहेत, लॅपटॉप जुना आहे, खेळणार बहुतेक एकटेच, आणि घेतलेला गेम वर्षभर तरी पुरला पाहिजे. माझं मत माइनक्राफ्ट. टेरारियाही मी मनापासून खेळलोय, त्यामुळे त्याच्याबद्दल आकस नाही.

'टेरारिया म्हणजे बाजूने दिसणारा माइनक्राफ्ट' असं बरेच जण सांगतात, ते डोक्यातून काढा. दोन्ही 2011 चे. टेरारिया मे महिन्यात आला, माइनक्राफ्टची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबरात (अर्धाकच्चा तो 2009 पासूनच लोक खेळत होते). खोदायचं, गोळा करायचं, बांधायचं, रात्री राक्षस अंगावर येणार, इथवर सारखं. पण टेरारिया मुळात लढाईचा गेम आहे. एक बॉस, म्हणजे मोठा राक्षस, मारला की नवं हत्यार, त्या हत्याराने पुढचा बॉस, असं थेट शेवटच्या मून लॉर्डपर्यंत. मधे वॉल ऑफ फ्लेश नावाचा बॉस आहे. त्याला बोलवायला गाइडची बाहुली लाव्हात टाकावी लागते. सुरुवातीला आपल्याला सगळं शिकवणारा तो बिचारा गाइड, त्याच्यावरच करणी! कल्पना भन्नाट आहे, नाकारत नाही. लढाया माइनक्राफ्टपेक्षा कितीतरी सरस, आणि वस्तू पाच हजारांच्या वर.

मासेमारीतही टेरारिया पुढे. पाऊस असेल, पहाट किंवा संध्याकाळ असेल तर गळाला चांगलं लागतं. पौर्णिमेला फायदा आणि अमावास्येला तोटा, हे मात्र आमच्या किनाऱ्यावर कोणाला पटणार नाही, इथे उधाण दोन्हीला येतं. समुद्राकडेला माड आहेत, हलवले तर नारळही पडतो. जंगलातल्या झाडावरून आंबा मिळतो. माइनक्राफ्टात ना माड, ना नारळ, ना आंबा, याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी माइनक्राफ्ट का? जमिनीसाठी.

आमचं घर गुहागरकडे, उतारावर. वर आंब्याची कलमं, खाली नारळी-पोफळीची वाडी, मधे गडगे. असलं घर टेरारियात बांधायला गेलात की नुसता उभा छेद मिळतो. भिंत, दार, दिवा, टेबल, खुर्ची एवढं असलं की माणूस राहायला येतो, म्हणून जो तो खोलीवर खोली चढवतो आणि शेवटी गिरगावातली चाळ तयार होते. माइनक्राफ्टात मला ओटी, माजघर, मागची पडवी असं आत चालत जाता येतं. चिकणमातीचे ब्लॉक भट्टीत भाजले की टेराकोटा होतो, त्याचा रंग जांभ्याच्या बराच जवळ जातो. विटांच्या पायऱ्या उतरत्या लावल्या की लांबून कौलं वाटतात.

आणि पाणी. सपाटीवर एका जागचं पाणी सात ब्लॉक वाहतं आणि थांबतं. पण वाटेत एक पायरी खाली उतरलं की पुन्हा नव्याने सात ब्लॉक जातं. म्हणजे डोंगरउतारावर दर सात ब्लॉकच्या आत एक टप्पा सोडत गेलात तर वरच्या झऱ्याचं पाणी पाटाने थेट खालपर्यंत येतं. पाटापासून दोन्ही बाजूंना चार-चार ब्लॉक जमीन ओली राहते, तेवढ्यात पीक धरायचं. हा हिशोब मला कोणी सांगितला नव्हता, वाडीला पाणी कसं फिरवतात ते लहानपणापासून बघितलेलं, तसंच करून पाहिलं आणि जमलं. भात मात्र लावता येत नाही, गहू लावावा लागतो. कोकणात गव्हाचं शेत, चालायचंच.

पाण्याच्या खरेपणात टेरारिया उजवा आहे, हेही सांगायला हवं. तिथे समुद्राखालून बोगदा काढलात तर पाणी खाली गुहेत उतरतं आणि वरची पातळी घटते. माइनक्राफ्टात दोन बाय दोनच्या खड्ड्यात तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतली की कधीच न आटणारी विहीर तयार! मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाने काय म्हणावं.

दुसरं असं, की टेरारियात ती वॉल ऑफ फ्लेश पडली की जगात करप्शन नाहीतर क्रिम्झन, म्हणजे जमीन नासवणारी कीड, झपाट्याने पसरायला लागते. आपण लावलेली बाग वाचवायची तर भोवती चर खणत बसा. गेमला तुम्ही पुढच्या बॉसकडे जायला हवे आहात, बागेत रमलेलं त्याला खपत नाही. माइनक्राफ्टात एंडर ड्रॅगन नावाचा बॉस आहे, पण तो मारलाच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. माझ्या वाडीवाल्या वर्ल्डमध्ये मी अजून त्याच्याकडे फिरकलोही नाही. एकट्याने खेळताना कंटाळा येतो तो बहुतेक इथेच ठरतो: कोणी कामं सांगितली तरच मजा येत असेल तर टेरारिया घ्या, स्वतःची कामं स्वतः काढत असाल तर माइनक्राफ्ट.

पैशाचं बघाल तर टेरारिया बराच स्वस्त आहे, शिवाय सेलमध्ये आणखी उतरतो. जुन्या लॅपटॉपवर तो निमूट चालतो, माइनक्राफ्ट धापा टाकू शकतो. म्हणून आधी जावा एडिशनचा (माइनक्राफ्टची कंप्युटरवरची एक आवृत्ती) फुकट डेमो उतरवा. त्यात गेममधले पाच दिवस, म्हणजे साधारण 100 मिनिटं मिळतात. रेंडर डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं जग दिसावं ते) 8 वर आणून बघा. तेवढ्यावरही अडखळत असेल तर माझं सगळं वरचं विसरा आणि टेरारिया घ्या. चालला, तर पहिलं वर्ल्ड उताराची जागा बघून निवडा आणि नेट असेल तेव्हा लॉगिन उरकून ठेवा, मग पावसात रेंज गेली तरी एकट्याचा खेळ अडत नाही.