जुन्या बरणीतलं पोर्क फेकू नका

मासे पकडायला आमिष म्हणून वापरायच्या, अंकल जॉश या अमेरिकी कंपनीच्या खारवलेल्या डुकराच्या कातडीची जुनी बरणी हाती लागली असेल, तर आधी झाकण बघा. गंज आत उतरला असेल किंवा कुजका वास येत असेल तर ती टाकून द्या. फक्त पाणी आटलं असेल तर मिठाचं दाट पाणी भरून कातडी रात्रभर भिजू द्या. बोटांत लवचीक लागली की ती कामाची.

ही कातडी खरी थंडीची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या (१० अंश सेल्सिअस) खाली गेलं की बरंचसं प्लास्टिकचं आमिष ताठरतं, पोर्क मात्र हलत राहतं. जिगला (वजन जोडलेल्या हुकाला) लावून तळाशी अगदी सावकाश ओढा. चरबीचा थर जाड असेल तर ब्लेडने थोडा तासा, कातडीच्या शेपट्या जास्त मोकळ्या हलतात.

हुक लावताना विशेष काळजी घ्या. कातडी चिवट असते, ती उलटून हुकाच्या टोकावर बसली की बास मासा हमखास सुटतो. मधेमधे तपासत राहा.

आणि उन्हात हुकावर ठेवू नका, वाळून दगड होते, मग पक्कडीनेही निघत नाही. जेवायला थांबलात तरी काढून बरणीत टाका. हुक गोड्या पाण्याने धुवा, मिठाने लगेच गंजतो.