तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमच्या भिशीच्या ग्रुपवर दर महिन्याला एका कर्तबगार बाईविषयी थोडं बोलायचं असतं, एप्रिलमध्ये माझी पाळी आहे. ५ एप्रिल ही पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी म्हणून मी त्यांचं नाव टाकलं तर लगेच भांडणच लागलं, एक म्हणाली त्यांनी पोरींना बाटवलं, दुसरी म्हणाली त्या देवी होत्या. आता बोलू तरी काय?
– एक वाचक, दौंड

उत्तर : अगं, हे भांडण तुमच्या ग्रुपच्या कितीतरी आधीचं आहे, १८९३ मध्ये पुण्यात याच्यावरून एवढं रान उठलं की पालकांनी रमाबाईंच्या शारदा सदन या विधवा-मुलींच्या शाळेतून मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारखे पाठीशी उभे असलेले लोकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वाद हवेतला नव्हता, त्यांनी पुढे केडगावला काढलेली ‘मुक्ती’ ही उघडउघड ख्रिस्ती संस्थाच होती, ते लपवायचं कशाला? पण माझं म्हणशील तर बाप्तिस्म्यापासून, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या तिथून सुरुवात करू नको, भुकेपासून कर.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष झाला आणि ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ मध्ये तिथे रमाबाईंचा जन्म, आणि जेमतेम सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणलं, तेव्हापासून जी भटकंती सुरू झाली ती सुरूच. देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं. मग दुष्काळ पडला, १८७४ मध्ये आधी वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीण, उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ४००० मैलांहून जास्त पायपीट झाली असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी, अंगावर पांघरूण नाही, तर दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत झोपले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली, डोकं तेवढं बाहेर. हे ग्रुपवर नक्की सांग, पुढचं सगळं यातूनच येतं.

कारण १८९६ च्या अखेरीला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा या बाई इथे बसून वर्गणी पाठवत बसल्या नाहीत, स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, गावात इतक्या मुली ठेवू देईनात. मग केडगावची जमीन कामाला आली, ती खरं तर फळबागेसाठी घेतलेली, कारण अमेरिकेतल्या लोकांनी शारदा सदनचा खर्च दहाच वर्षं द्यायचं कबूल केलं होतं आणि ती मुदत १८९८ ला संपत होती. त्याच जमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली, आधी झोपड्या, मग विहिरी, विणकाम, तेलघाणा, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल शिकवायची सोय पण केली, त्या काळात! १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या, तेव्हा एवढ्या तोंडांना रोजचं जेवण कुठून येत असेल याचा नुसता विचार करून बघा.

आणि बाटवाबाटवीवर कुणी अडूनच बसली तर शारदा सदनच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींमधली गोदूबाई आठवून दे. बालविधवा, शिकली, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. पुढे त्याच आनंदीबाई कर्वे. ती काही ख्रिश्चन झाली नाही.

प्रश्न : त्या काळात रमाबाईंसारखी विधवा बाई इंग्लंड-अमेरिकेला गेली म्हणजे माहेर किंवा सासर पैसेवालं असणार ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : माहेर तर वर वाचलंतच. नवरा बिपिनबिहारी मेधावी बंगाली वकील, लग्नानंतर दोन वर्षंही झाली नाहीत तोच १८८२ मध्ये गेला, पदरात तान्ही मनोरमा. इंग्लंडच्या बोटीचं भाडं निघालं ते त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीति’ पुस्तकाच्या विक्रीतून, म्हणजे स्वतःच्या लेखणीवर. मनात होतं डॉक्टर व्हायचं पण कानाला कमी ऐकू यायचं म्हणून ते राहिलं, मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात स्वतः शिकता शिकता संस्कृत शिकवायच्या. १८८६ मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच पुढची जवळजवळ तीन वर्षं, भाषणं देत, पैसे जमवत, बालवाडीची पद्धत शिकत. परतताना जपानमार्गे, फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईत, आणि ११ मार्चला शारदा सदन सुरू! प्रवासाचा थकवा काढायला महिना काय तो मिळाला असेल.

त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ मिळालं तर जरूर वाचा. तिथल्या बायकांच्या संघटनांचं तोंडभरून कौतुक आहे, पण मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना कसं वागवतात तेही बाईंनी सोडलेलं नाही. मला तर ते भाग जास्त आवडतात, ज्यांचे पैसे घेतले त्यांनाच चार खडे बोल!