डरकाळी कोणाची, हंबरडा कोणाचा?

प्रश्न : मुलाच्या निबंधातील ‘सिंहाने डरकाळी फोडली’ हे वाक्य चूक ठरले, डरकाळी वाघाची, सिंहाची गर्जना, असा शेरा मिळाला. हा भेद खरा आहे का? आणि असे काही आवाज ‘फोडतात’, तर काही ‘देतात’, ते का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : ध्वनिदर्शक शब्दांच्या शालेय यादीत वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, हत्तीचा चीत्कार अशी वाटणी असते आणि परीक्षेपुरती ती पाळलेली बरी. प्रत्यक्ष भाषा इतकी काटेकोर नाही. ‘गर्जना’ संस्कृतातून जशीच्या तशी आली. ती सिंहाइतकीच मेघाचीही आहे, आणि कोकणात ऐकू येणारी समुद्राची ‘गाज’ तिचीच नातलग आहे. उलट डरकाळी वाघापुरतीही मर्यादित नाही. मान खाली घालून, खुराने माती उकरत डुरकणारा वळू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या आवाजालाही डरकाळी म्हणण्यात काही वावगे वाटत नाही. त्यामुळे त्या निबंधातील गुण कापायला नको होते, असे आमचे मत आहे.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. डरकाळी, किंकाळी, टाहो, हंबरडा हे आवाज आतून अनावर होऊन बाहेर पडतात, म्हणून ते ‘फोडले’ जातात. हाक, हाळी, आरोळी, ललकारी यांना मात्र ऐकणारा कोणीतरी अभिप्रेत असतो, म्हणून त्या देतात, मारतात किंवा ठोकतात. बांधावरून पलीकडच्या शेतातल्या गड्याला दिलेली हाळी ‘फोडली’ असे कोणी म्हणणार नाही. हंबरडा तर मुळात वासरासाठी हंबरणाऱ्या गाईचा. म्हणूनच लेकरू गमावलेल्या आईला तो शब्द शोभतो, आणि ‘साप पाहून त्याने हंबरडा फोडला’ हे वाक्य वाचताना हसू येते. तेथे किंकाळीच हवी.

बोंब मात्र ‘मारतात’ किंवा ‘ठोकतात’. शिमग्यात तोंडावर उलटा हात आपटत घातलेला तो आवाज कितीही मोठा असला, तरी अनावर नसतो. चारचौघांनी ऐकावा म्हणूनच तो काढलेला असतो आणि पुष्कळदा तो कोणाच्या तरी नावाने असतो.