झोपडीत गादी आहे, मेकॅनिक नाही

प्रश्न : आम्ही चौघं दोस्त, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. रोज सकाळी फुटाळा-सेमिनरी हिल्स सायकल मारतो, रामटेक जाऊन-येऊन पण झालंय. माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो, तो म्हणतो मामा पुढच्या उन्हाळ्यात या, टेलुराइडहून मोआबपर्यंत 7 दिवस माउंटन बाइकनं जाऊ, रोज रात्री डोंगरातल्या झोपडीत मुक्काम, खाणं-अंथरूण सगळं तिथंच. म्हणजे आम्ही फक्त पायडल मारायचं ना? का भाचा काही लपवून राह्यला?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : भाचा खोटं नाही बोलत भाऊ, पण अर्धंच सांगून राह्यला. हट म्हणजे 8 जणांपुरती लाकडी खोली, आत बंक, गादी, स्लीपिंग बॅग, गॅसची शेगडी, डबाबंद खाणं आणि पाणी. स्वयंपाक आपणच करायचा, भांडी आपणच घासायची, आंघोळीचं नाव काढायचं नाही. सावजी मसाल्याची एक पुडी जरूर न्या, वजन काही नाही आणि चौथ्या दिवशी डब्यातला राजमा बघून तिचीच आठवण येईल.

अंतर साडेतीनशे किमीच्या आसपास, म्हणजे दिवसाला पन्नासेक, आणि बराचसा रस्ता जंगलखात्याचा कच्चा. रामटेकवाल्यांना हे किरकोळ वाटेल, पण भानगड उंचीची आहे राजेहो. आपलं नागपूर 310 मीटरवर, टेलुराइड 2,600 च्याही वर, आणि तिथून पहिल्याच दिवशी 3,000 मीटर पार करून चढवतात. तिथं हवा इतकी विरळ की सेमिनरी हिल्सवर गप्पा मारत चढणारा माणूस दर दोन वळणांनी थांबतो. म्हणून दोन-तीन दिवस आधीच पोचा, भाच्याकडे नुसते झोपा काढा, पाणी प्या, पहिल्या दिवशी चढावर उतरून सायकल ढकलायची लाज बाळगू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पण दुपारी विजा कडाडतात, तेव्हा पहाटे निघा आणि दुपारच्या आत उघड्या माथ्यावरून खाली या. शेवटी मोआबकडे उतरलं की वाळवंटच, पण उन्हाचं काय, मे महिना नागपुरात काढलेल्याला मी काय शिकवणार.

आता खरी गोष्ट. वाटेत ना मेकॅनिक ना मोबाइलची रेंज. पंक्चर सगळेच काढतात, पण मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला, फ्रेमशी जोडणारा जो बोटाएवढा हँगर असतो, तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, सायकल आपटली की तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. तो तुटला की गिअर गेले, आणि बऱ्याच मॉडेलांचा हँगर वेगवेगळा, दोस्ताचा तुम्हाला बसेलच असं नाही. चौघांनी आपापला एकेक जास्तीचा न्या, सोबत चेन तोडायचं टूल, तुटलेली चेन जोडायची कडी, ब्रेक पॅड. आणि इथंच घरी बसून एकदा हँगर बदलून बघा, बायको हसली तर हसू द्या.

तयारीसाठी सपाट 100 किमीचा फारसा उपयोग नाही, लागोपाठ चढ हवेत. परतवाड्याहून चिखलदरा घाट चढा, मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी उतरून परत चढा, तिसऱ्या दिवशीही तेच, पाठीवर सॅक घेऊनच. दिवसाउजेडी आणि डांबरी रस्त्यानंच हं, व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या वाटांवर परवानगीशिवाय शिरायचं नाही.

प्रश्न : आमच्यातला एक जण म्हणतो, पॅडवाली चड्डी घातली की आतली पण घालावी. खरं का?
– तेच वाचक

उत्तर : अजिबात नाही. आतल्या चड्डीची शिवणच घासते. नुसती पॅडवाली घाला, दोन जोड न्या, एक अंगात अन् एक सॅकवर वाळत, आणि त्या मित्राला तिसऱ्या दिवशी विचारा.