नाटकात त्यांच्या तोंडी काय घालायचं?

प्रश्न : मी डेन्व्हरजवळ राहते, इथल्या एका कम्युनिटी थिएटरमध्ये कपडेपट सांभाळते. यंदा आमचा ग्रुप मिळून नाटक लिहितोय, एकोणिसाव्या शतकात वेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागात आलेल्या कृष्णवर्णीय बायकांवर. क्लारा ब्राउन, बिडी मेसन, कॅथे विल्यम्स आणि मेरी फील्ड्स अशा चौघी आहेत. या बायकांनी स्वतः फारसं काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यांची लांबलचक स्वगतं आम्ही मनानेच लिहितोय, हे चालतं का? आणि मेरीच्या हातात सारखी बंदूक द्यायची असंही ठरतंय.

उत्तर : ताई, कल्पनेने लिहायला काहीच हरकत नाही, नाटक आहे ते. पण आधी कागद बघा, कारण कागदात जे आहे ते बऱ्याचदा आपल्या स्वगतापेक्षा भारी असतं. बिडी मेसनचंच घ्या ना, गुलाम म्हणून मालकाच्या वॅगनमागे गुरं हाकत ती चालत युटाला गेली, तिथून कॅलिफोर्नियात, आणि मालक आता टेक्ससला न्यायला निघाला तेव्हा १८५६ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टात तिच्या सुटकेची केस उभी राहिली. कॅलिफोर्नियात तेव्हा गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीय व्यक्तीची साक्षच चालत नव्हती, म्हणून जज बेंजामिन हेज यांनी तिला आपल्या चेंबरमध्ये बोलावून विचारलं आणि तिच्यासकट १४ जणांना मोकळं केलं. आता बघा, भरल्या कोर्टात जिला तोंड उघडायची परवानगी नाही तिला तुम्ही तिथेच दणदणीत भाषण दिलं तर त्या कायद्याचा अन्यायच पुसला जातो! तिला कोर्टात गप्पच उभी करा, आणि मग दार बंद झाल्यावर बोलू द्या. पुढे सुईणपण करून साठवलेल्या पैशातून तिने १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर २५० डॉलरला जमीन घेतली, तेही दाखवाच.

कॅथेच्या बाबतीत तर मनाने लिहायची गरजच कमी आहे. ती १८६६ मध्ये विल्यम कॅथे या पुरुषी नावाने सैन्यात भरती झाली, १८६८ मध्ये सुटली, आणि १८७६ मध्ये सेंट लुईसच्या एका पेपरने तिची हकीकत तिच्याच शब्दांत छापली. ती मिळवा आणि तशीच वाचा. तिला पुढे सरकारने पेन्शन नाकारलं, तो भागही गाळू नका. आणि हो, ते सैन्य नेटिव्ह, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर होतं, हे नाटकात कुठेतरी यायला हवं, नाहीतर वेस्ट रिकामाच पडला होता असं वाटतं.

मेरीची बंदूक एखाद्या प्रसंगात असू दे, मला त्याचा राग नाही. पण तिचं मोठेपण तिला १८९५ मध्ये मिळालेल्या टपालाच्या कंत्राटात आहे, वय साठीच्या पुढे, मोंटानातला बर्फ, आणि कॅस्केड ते सेंट पीटर्स मिशन टपाल पोचवायचंच. म्हातारपणी ती कॅस्केडमध्ये लोकांचे कपडे धुवायची. तुमच्या क्लारानेही सेंट्रल सिटीत खाणकामगारांचे कपडे धुऊनच पैसा जमवला, आणि त्यावर आपली विकली गेलेली मुलगी एलायझा जेन शोधत राहिली, ती सापडली १८८२ मध्ये, आयोवात. क्लाराचं चित्र डेन्व्हरच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात, रंगीत काचेत आहे, तुमच्या टीमला जाऊन बघता येईल.

तर मेरी आणि क्लारा, दोघींचे हात साबणाच्या पाण्यात. कपडेपट तुमच्याकडेच आहे, मग टब, घासायची फळी, वाळत घातलेले जाडे शर्ट हे सगळं स्टेजवर आणा, आणि तुमच्या ग्रुपमधल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रींना संहितेत काय राहावं काय जावं हे ठरवण्यात पहिल्या दिवसापासून घ्या, प्रयोगाच्या आठवडाभर आधी नव्हे. जे तुम्ही कल्पनेने लिहिलंय ते प्रयोगाच्या माहितीपत्रकात दोन ओळीत सांगून टाका.